त्या पिल्लाचं पोट का बिघडत होतं

आमच्या कंपनीतून निवृत्त झालेली माणसं अजूनही अधूनमधून शिरूरला जमतात. चहा होतो, कोण आजारी आहे, कोण गेलं याची विचारपूस होते, आणि मग कुणीतरी आप्पांची गोष्ट काढतं. सणसवाडीच्या कारखान्यात ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासला, त्यांना म्हातारपणी मांजराचं एक पिल्लू सांभाळता आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःलाच रिजेक्ट केलं, अशी ती गोष्ट. लोक हसतात.

ही गोष्ट मीच पसरवलेली आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि खरं काय ते सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आप्पा आता नाहीत. मलाही जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. आता आणखी टाळण्यात अर्थ नाही.

आप्पा क्वालिटीत होते. आम्ही मशीनवर जे काढायचो ते घ्यायचं की परत पाठवायचं, हे ते ठरवत. खराब मालाला लाल चिठ्ठी, शंका असलेल्या मालाला पिवळी. निवृत्तीनंतरही ही सवय गेली नाही, फक्त चिठ्ठीच्या जागी चिंध्या आल्या. आमची घरं शिरूरच्या बाहेरच्या अंगाला शेजारी शेजारी होती, मागच्या अंगणात कमरेएवढी सामाईक भिंत. त्यांच्याकडं गेलं की गळक्या नळाला लाल चिंधी, संशयित नारळाला पिवळी, असं दिसायचं. त्यांच्या जावयाला खुर्चीवर बसण्याआधी तिचा पाय बघायची सवय लागली होती.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. शाळेतल्या पोरांना, भाजीवालीला, गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा. “तुम्ही तिकडं बसा बरं जरा,” असं कुत्र्याला सांगत आणि कुत्रं खरंच सरकायचं. बायको पूर्वीच वारलेली, मुलगी लग्न होऊन केडगावला. स्वयंपाक स्वतः करत, आणि तोही प्रयोगासारखा. “एका वेळी एकच बदल” हे त्यांचं पालुपद. आमटी बिघडली तर दुसऱ्या दिवशी फक्त मीठ बदलायचं, तिसऱ्या दिवशी फक्त डाळ. दोन्ही एकदम बदललं तर कशानं बिघडली होती ते कसं कळणार? गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या. आप्पांनी त्या एकेक करून घेतल्या. पहिलीनं काही झालं नाही, दुसरीनं पित्त झालं, तिसरीची पाळी येईपर्यंत गुडघा आपोआप दुखायचा राहिला. याचं त्यांना फार वाईट वाटलं. गुडघा कशानं बरा झाला हे कधीच कळणार नव्हतं.

त्यांना हसणारे पुष्कळ होते, पण माझी नोकरी या माणसामुळं टिकली.

मी प्रेसवर होतो, पत्र्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचो. एकदा माझ्या मशीनवरचा अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. पट्ट्यांची भोकं सरकलेली होती. मॅनेजरला एक नाव पाहिजे होतं आणि ते माझं होतं. मीटिंगमध्ये आप्पा उठले. म्हणाले, ऑपरेटरचं नाव हे कारण नसतं साहेब, नाव लिहिलं की फाईल बंद होते आणि चूक तिथंच राहते. मग त्यांनी नेहमीसारखं एकेक विचारायला सुरुवात केली. भोक का सरकलं? पट्टी ढिली बसत होती. ढिली का? अडकवायची पिन झिजली होती. झिजलेली का नाही दिसली? पिन बघायचं काम कुणाकडंच नव्हतं. का नव्हतं? नवीन शेड्यूल केलं त्यात ते काम सुटलं होतं. शेड्यूल मॅनेजरनं केलं होतं. मीटिंग तिथं संपली.

संध्याकाळी बसची वाट बघत असताना त्यांनी मला बाजूला घेतलं. पट्टी ढिली बसतीय हे तुम्हाला हाताला कळलं असेल ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मला वाटलं आता हा माणूस मला सोलणार. ते म्हणाले, “बरं. मग का न्हाई सांगितलं?” मी म्हटलं, आपलं ऐकतंय कोण. त्यावर त्यांनी मान डोलावली. “हे झालं बघा कारण,” एवढंच बोलले आणि बस आली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं गणित सुटल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते.

हे मी आधी सांगितलं, कारण पुढं मी काय केलं ते याशिवाय नीट कळणार नाही.

पिल्लू सापडलं ते माझ्या स्कूटरवर. वरच्या कव्हरच्या घडीत बसलेलं, महिना-दीड महिन्याचं, करड्या पट्ट्यांचं. आई दोन दिवस फिरकली नाही. माझ्या बायकोला मांजर चालत नाही. ती म्हणाली, घरात आणलं तर मी केडगावला तुमच्या भावाकडं जाऊन राहते. मग आप्पांनी भिंतीवरून हात पुढं केले आणि पिल्लू घेतलं. त्याचं नाव ठेवलं सॅम्पल. “या, बसा,” म्हणाले त्याला.

पिल्लाचं पोट पहिल्यापासून बिघडलेलं होतं. आप्पा त्याला पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. बाहेर गाभण गाई आणि लंगडणारे बैल, त्या रांगेत हे कापडी पिशवी घेऊन उभे. डॉक्टर हसले, पण त्यांनी नीट तपासलं. शी तपासली, जंत निघाले. वजनावर मोजून जंताचं औषध दिलं, पुन्हा पंधरवड्यानं द्यायला सांगितलं. उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला काही नाही, बारीक करून, थोडी थोडी, दिवसातून बऱ्याच वेळा. पाणी सतत समोर. माणसांची जुलाबाची गोळी चुकूनही द्यायची नाही. आणि दूध बंद, गाईचं नाही, म्हशीचं नाही. मांजराच्या पिल्लाला ते पचत नाही आणि त्यानंच पोट सुटतं, असं डॉक्टरांनी बजावलं. आप्पांनी परत आल्यावर हे सगळं मला भिंतीपाशी उभं करून सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

पण मला ते पटलं नाही. मी केडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या गोठ्यात धार काढायला बसलं की मांजर येऊन समोर बसायचं आणि वडील धारेचा एक फवारा त्याच्या तोंडावर मारायचे. मांजर डोळे मिटून चाटायचं. मांजर म्हणजे दूध, एवढंच मला ठाऊक. आईविना वाढणाऱ्या जिवाला दूध तोडायचं, हे मला कारखान्यातल्या माणसाचं खूळ वाटलं.

दुपारी आप्पा पडायचे. पिल्लू भिंतीच्या कडेनं फिरत असायचं. एके दुपारी मी वाटीत थोडं दूध कोमट करून भिंतीच्या माझ्या बाजूला ठेवलं. त्यानं ते सगळं संपवलं आणि माझ्या पायावर डोकं घासलं. दुसऱ्या दिवशी मी दार उघडताच ते शेपटी उभी करून पळत आलं. त्यानंतर रोज.

ते पळत यायचं म्हणून मी दूध ठेवत होतो. पिल्लाची कीव वगैरे नंतरची.

इकडे आप्पांचं काम सुरू झालं. कोंबडीनं दोन दिवस बरं वाटलं आणि परत पातळ. मग त्यांनी फक्त भांडं बदललं. स्टीलच्या जागी काचेचं. फरक नाही. पाणी उकळून गार केलं. फरक नाही. अंथरूण बदललं. सकाळी पिल्लाला डब्यात बसवून वजन करत आणि भिंतीवरून मला सांगत. पिल्लू डब्यातून माझ्याकडं बघायचं.

मध्ये मी आठवडाभर केडगावला गेलो, भावाच्या मुलीचं लग्न होतं. त्याच आठवड्यात आप्पांनी कोंबडीत उकडलेला लाल भोपळा कालवायला सुरुवात केली होती. मी परत आलो तेव्हा ते भिंतीपाशी वाट बघत उभे.

“भोपळा पास झाला,” म्हणाले. “काल घट्ट, आज घट्ट. वजनबी वाढलं.” कंपनीतसुद्धा त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण त्या दुपारी दार उघडलं, ते शेपटी उभी करून आलं, आणि आठवडाभर न दिसलेल्या माणसाला जसं भेटतात तसं मला भेटलं. मी वाटी भरली. दोन दिवसांत पोट परत सुटलं. आप्पांनी भोपळा नापास केला.

आप्पांसारख्या माणसाचे सगळे निष्कर्ष मी चुकवत होतो. ते एका वेळी एकच बदल करत होते आणि मी रोज दुपारी तोच एक खोटेपणा त्यात कालवत होतो.

पिल्लू वाळत चाललं. बरगड्या दिसायला लागल्या. आप्पा पुन्हा डॉक्टरकडं गेले. दुसऱ्यांदा शी तपासली, त्यात जंत नाहीत. डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं की एवढ्या लहान जिवात फार ताकद नसते, असंच चाललं तर एक दिवस मान टाकेल. घरात कुणी दुसरं काही घालतंय का ते बघा, असंही ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आप्पा भिंतीपाशी आले. पिल्लू त्यांच्या हातात. माझी बायको आत भाजी निवडत होती, दार उघडं होतं.

“एक विचारतो,” ते म्हणाले. “तुम्ही राग धरायचा न्हाई, मीबी धरणार न्हाई. तुमच्या घरनं यांनी कधी काही खाल्लंय का? दूध, बिस्कीट, काहीबी.”

मी पिल्लाकडं बघत राहिलो.

“मला कुणाला धरायचं न्हाई,” ते म्हणाले. “फक्त कारण पाहिजे.”

बसस्टॉपवरची ती संध्याकाळ मला त्या क्षणी आठवली. हा माणूस ओरडणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, “न्हाई आप्पा. तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर कशाला घालू?”

ते म्हणाले, “बरं. मग सगळं बदलून झालं. खाणं झालं, भांडं झालं, पाणी, औषध, अंथरूण. न बदललेलं आता एकच राहिलंय.” आणि त्यांनी पिल्लू एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताचा पंजा उलटसुलट करून पाहिला.

मी आत आलो तर बायको खालमानेनं गवार मोडत होती. “दुधाची वाटी कुठं जाती ते मला ठावं हाय,” ती म्हणाली. “जाऊन सांगा त्यांना.” मी उद्या सांगतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पिल्लाला घेऊन इनामगावला गेले. घोडनदीच्या काठाला त्यांच्या बहिणीची शेती आहे, भाजी आणि झेंडू. जनावर एकही नाही. चहापुरती दुधाची पिशवी येते, ती फडताळात. आप्पांनी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. कोंबडी, नाहीतर नदीतला मासा उकडून काटे काढून, दूध नाही. बहिणीनं ऐकलं. तिच्याकडं दुपारी वाटी भरणारं कुणी नव्हतं. चार-पाच दिवसांत पिल्लाचं पोट घट्ट झालं आणि परत कधी बिघडलं नाही.

फोनवर ही बातमी आली तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. मला वाटलं ते आनंदतील. आनंदले होतेच, पण फोन ठेवून ते म्हणाले, “तेच खाणं, तेच औषध. हात तेवढा बदलला.” मग मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, आणि परत आल्यावर काचेचं भांडं फडताळात वर ठेवून दिलं. त्या भांड्याला त्यांनी चिंधी बांधली नाही. मी मुद्दाम पाहिलं. भांडं निर्दोष होतं.

ज्या माणसानं जन्मभर ऑपरेटरचं नाव कारण म्हणून लिहू दिलं नाही, त्यानं शेवटी ते लिहिलं, आणि स्वतःचं लिहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित स्वतःची समजूत घालून घेतली असती. पिल्लू तर वाचलं होतं. पण त्याच सुमारास केडगावला आप्पांच्या मुलीला मुलगा झाला. जावई रोज रेल्वेनं पुण्याला जाणारा, सासू-सासरे नाहीत. मुलीची नोकरी दौंडला. बाळ जरा मोठं झालं की बाबांनी येऊन राहावं, म्हणजे मला कामावर जाता येईल, असं तिनं आधीपासून ठरवलेलं होतं. आप्पांनीही होकार दिलेला. बाळासाठी त्यांनी जुन्या धोतराची दुपटी शिवून घेतली होती.

ती न्यायला आली तेव्हा आप्पा म्हणाले, “ताई, मी येत न्हाई. लहान जिवाला माझ्या हाताचा गुण न्हाई.” तिला आधी चेष्टा वाटली. मग ती चिडली, मग रडली. मला बोलावून म्हणाली, काका तुम्ही तरी समजवा यांना, एका मांजरावरनं असं कुणी करतं का? मी तिथं उभा होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, “आप्पा, जाऊन तर बघा.” आप्पांनी मान हलवली. “पिल्लू होतं म्हणून दुसऱ्याकडं देता आलं,” म्हणाले. “बाळाला कुठं देऊ?”

मुलगी दुपटी घेऊन एकटी गेली. नोकरी तिनं सोडली. पुढं बराच काळ तिचे फोन कमी झाले.

त्यानंतर आमच्या मंडळींच्या चहाला आप्पा यायचे बंद झाले. लोकांनी मला विचारलं, का येत नाहीत? मी पिल्लाची गोष्ट सांगितली, माझी वाटी वगळून. शेवटी स्वतःलाच लाल चिठ्ठी लावली म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. गोष्ट चांगली जमली होती, त्यामुळं पुढच्या वेळी कुणीतरी ती पुन्हा सांगायला लावली.

दोन-अडीच वर्षांनी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं. मुलगीच त्यांना केडगावला घेऊन गेली. मी भेटायला गेलो तेव्हा बायको म्हणाली, आता तरी सांगून या. वाटेत भावाच्या गोठ्यावर थांबलो. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून भावानं किटली भरून दिली. ती घेऊन मी आप्पांच्या खाटेपाशी बसलो, तेव्हा लक्षात आलं की मी दूध घेऊन आलोय.

“सॅम्पल कसे आहेत?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

त्याला, म्हणजे तिला, पिल्लं झाल्याचं मी ऐकलं होतं. तसं सांगितलं. आप्पा उजव्या अंगानं हसले. “बघा,” म्हणाले. “वेळेवर माझ्या लाईनवरनं काढलं, म्हणून वाचले ते.”

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात त्यांचा नातू आत आला. दुडूदुडू पळणारा, हातात चपटा झालेला चेंडू. तो सरळ आजोबांकडं गेला आणि चेंडू पुढं केला. आप्पांचा उजवा हात चादरीवर होता. चांगला होता तो, त्यात काही बिघाड नव्हता. त्यांनी तो हात हळूच चादरीखाली घेतला आणि पोराला म्हणाले, “तुम्ही आईकडं द्या बरं.” पोरगं थोडा वेळ चेंडू धरून उभं राहिलं. मग सवयीचं असल्यासारखं वळून गेलं.

मुलगी चहा घेऊन आली. किटलीतल्या दुधाचाच केला होता. म्हणाली, काका, घरचं दूध म्हंजी घरचंच. मी तो चहा प्यायलो. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून उठलो. आप्पांनी सांभाळून जा म्हटलं.

पुढची खेप झाली ती त्यांच्या दहाव्याला.

कंपनीतल्या लोकांच्या चहाला मी परवा गेलो होतो. ती गोष्ट पुन्हा निघाली, आणि या वेळी मी ती सांगू दिली नाही. दूध मी घालत होतो, असं सांगितलं. एक जण म्हणाला, जाऊ द्या हो, मांजरच ते. केडगावला जाऊन आप्पांच्या मुलीला सांगायचं अजून राहिलंय. तिच्यासाठीच हे आधी कागदावर उतरवलं, बोलताना माझं काय होतं ते मला माहीत आहे.

पण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना त्या भिंतीपाशी सांगितलं असतं तर ते ओरडले नसते. बरं म्हणाले असते, आणि मग विचारलं असतं, का घातलंत? पळत यायचं म्हणून. ते यावं असं का वाटलं? त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं, पण त्यांनी सोडलं नसतं. विचारत विचारत ते कुठंतरी पोचले असते, आणि तिथं कुणाचंच नाव नसतं, ना माझं, ना त्यांचं. मला तिथवर पोचायचंच नव्हतं, की मी नुसता घाबरलो होतो, हेसुद्धा त्यांनीच शोधून काढलं असतं.

किटली घेऊन बसलो होतो तेव्हा तोंडाशी आलेलं ते वाक्य अजून तसंच आहे. दूध मी घालत होतो आप्पा, तुमच्या हातात काही दोष नव्हता, माझं चुकलं. आता विचारा, का.